चौथं रीळ

औषधांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पोटावर माझा चेहरा होता. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला जाते. तेव्हा कॅन्सस सिटीतले निम्मे म्हातारे अजून चष्मा शोधत असतात आणि रांग लहान असते. हा माणूस खोकल्याच्या गोळ्या उचलायला वळला आणि एकोणीस वर्षांची मी माझ्यासमोर उभी राहिले. काळा, धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट. त्यावर जांभळ्या रंगात छापलेला चेहरा. केस गालाला चिकटलेले, बुबुळं वर गेलेली, तोंड उघडं. माणसाचं पोट सुटलेलं होतं, त्यामुळे माझे गाल रुंद झाले होते, आणि तो श्वास घेई तसतशी मी फुगत होते, आत जात होते. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘रॉस, दार उघड.’ मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. राग आला. इतका जुना आणि ओळखीचा, की तो आल्यावर मला त्याला बस म्हणावं लागलं नाही. मला वाटलं होतं तो मेला. रंग उडालेल्या फिल्मसारखा फिकट होत होत संपला असेल, असं मी धरून चालले होते. तो कुठेही गेला नव्हता.

मी टक लावून बघतेय हे त्या माणसाच्या लक्षात आलं आणि तो खूश झाला. “ओळखलंत का, बाई? ‘काचेचं कुरण’! एकोणीसशे सत्तर. तुम्ही तर त्याच काळातल्या. पाहिला होता?” मी नाही म्हणाले. “कोणीच पाहिलेला नाही,” तो आनंदाने म्हणाला, “म्हणून तर मजा आहे.” मग माझ्या गोळ्या बांधून होईपर्यंत त्याने मला माझ्याच चित्रपटाची माहिती दिली. त्याचं नाव डेन्टन फ्राय. हिवाळ्यात घरं उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा धंदा. पण खरं आयुष्य हे. अकरा वर्षं तो ह्या चित्रपटाच्या मागावर होता. एकंदर बत्तीस प्रती निघाल्या होत्या आणि एकेक करत सगळ्या नाहीशा झाल्या; शापच आहे म्हणे त्या चित्रपटाला. मूळ निगेटिव्ह डॅलसच्या गोदामात पाणी शिरलं तेव्हाच गेलं होतं. उरली होती ती इंटरनेटवर फिरणारी नऊ मिनिटं, कुणीतरी कधीतरी पडद्यावरून चोरून टिपलेली, धुरकट. पण त्या नऊ मिनिटांवर लोक जीव टाकत. ती नऊ मिनिटं पाठ असलेली माणसं जपानात होती, पोलंडात होती. आणि आता, गेल्या हिवाळ्यात, विनिपेगमधल्या एका क्लबच्या तळघरात, बर्फावर घसरवत खेळायच्या कर्लिंगच्या दगडांच्या मागे, बत्तिसावी प्रत सापडली होती. सबंध. ती डेन्टनच्या घरी होती. शनिवारी दुपारी दोनला मेन स्ट्रीटवरच्या जुन्या थिएटरात खेळ होता, आणि सोमवारी ती प्रत कॅलिफोर्नियाला जाणार होती, संगणकात उतरवायला. “एकदा उतरवली की मग जगात कुठेही, केव्हाही,” डेन्टन म्हणाला.

“आणि ही मुलगी?” मी विचारलं. माझा आवाज मला अगदी साधा ऐकू आला.

“तेच तर गूढ आहे! नामावलीत तिचं नावच नाही. कुणी म्हणतं वेडी झाली, कुणी म्हणतं त्याच वर्षी मेली. मला विचाराल तर मेली असणार. नाहीतर पुढे आली नसती का? एवढं प्रसिद्ध झाल्यावर लपून कोण बसतं?”

काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, “ऑस्टलंड! नेड्रा ऑस्टलंड!” मी पुढे होऊन गोळ्या घेतल्या. त्याने माझं नाव ऐकलं आणि त्याला काहीही वाटलं नाही.

लपून कोण बसतं. मी बसते. मी लिंड्सबर्गजवळच्या गव्हाच्या शेतावर वाढलेली मुलगी. आमच्याकडे माणसं दुःख झालं की कोठार झाडायला जायची. रॉस माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वादळाची चाहूल लागली की शेतघराच्या मागे जमिनीत खणलेल्या तळघरात उतरायचं, वरचं लाकडी दार आतून ओढून घ्यायचं, हे आमचं दर वसंतातलं. एकदा मी सात वर्षांची असताना तो आधी आत गेला आणि गंमत म्हणून त्याने दार धरून ठेवलं. आकाश हिरवं झालेलं, कोंबड्या उडतायत आणि मी दारावर मुठी आपटतेय. किती वेळ, तर पाच-सहा सेकंद. मग त्याने दार उघडलं, मला आत ओढलं, आणि माझा चेहरा बघून तो स्वतःच रडायला लागला. सत्तरच्या फेब्रुवारीत तो व्हिएतनाममधून परत आला तो पेटीत. पेटीबरोबर एक अधिकारी आला होता, तरुण, नाकावर मुरमं असलेला. त्याने आईला सांगितलं, पेटी उघडू नये असा आदेश आहे. आईने विचारलं, मग आत तोच आहे कशावरून? त्याने टोपी काढून हातात धरली. आईने पेटीवर हात ठेवला आणि उचलला, जसा गरम तव्याला लागल्यावर उचलतात तसा. त्यानंतर मला त्या घरात श्वास घेता येईना. मी कॉटनवुड फॉल्सला एका खाणावळीत कामाला लागले, आणि जूनमध्ये तिथे लायल प्रुएट आला.

दोन गाड्या, अकरा माणसं, एक घोड्याचा मुखवटा. कॅलिफोर्नियाहून आले होते, फ्लिंट हिल्सच्या गवतात चित्रपट काढायला. प्रुएट तेहतीस वर्षांचा, अनवाणी, सगळ्यांना ‘राणी’ म्हणणारा, पुरुषांनासुद्धा. मला म्हणाला, “राणी, एक दिवस पांढरा झगा घालून गवतातून चालशील?” चालण्यात काय होतं? मी सकाळभर चालले. दुपारी कुणीतरी बरणीतून लिंबाचं सरबत दिलं. उन्हात ते इतकं गार लागलं की मी दोन पेले प्यायले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं आणि प्रत्येक तुकड्याला धार आहे. गवत काचेचं झालं आणि वाजायला लागलं. आकाश घडी घातल्यासारखं खाली आलं. माझे हात माझ्यापासून लांब, दुसऱ्या कुणाचे तरी. मला वाटलं मी मेले आणि हे कुणी मला सांगत नाहीये. मी धावले; काटेरी तारेतून धावले. गवतात एका मोडक्या शेतघराच्या तळघराचं दार आडवं पडलेलं होतं, आमच्यासारखंच. आणि मला कळलं, तो आत आहे. मी त्याच्याशी बोलले. आईबद्दल बोलले, पेटीबद्दल, मी त्याची सायकल विकली त्याबद्दल. नखं मोडेपर्यंत दार वाजवलं. मध्ये एकदा मी मागे वळले, तिथे माणसं होती, आणि मी त्यांना पाणी मागितलं. हे मला स्वच्छ आठवतं, कारण उत्तरही आठवतं. कॅमेऱ्याच्या मागून प्रुएटचा आवाज आला, “छान, राणी. असंच.”

दुसऱ्या दिवशी त्या दोन गाड्या निघून गेल्या. सरबतात नशेचं औषध होतं हे मला खाणावळीतल्या आचाऱ्याने सांगितलं. सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी कागदावर सही घेतली नव्हती. मी घरी परत गेले आणि आईला काही बोलले नाही. वाटलं, झालं ते झालं. दोन वर्षांनी एका रविवारी आई आणि मी टोपेकाला एक साधा कौटुंबिक चित्रपट बघायला गेलो, दुपारच्या खेळाला. एका तिकिटात दोन चित्रपट असायचे. दुसऱ्याचं नाव ‘जांभळी चेटकीण’. आई म्हणाली, पैसे दिलेत तर बघू थोडा. आम्ही बघत होतो. कंटाळवाणं काहीतरी, आईच्या मांडीवर शेंगदाण्याचा पुडा. आणि मग पडद्यावर, घराएवढी मोठी, मी. मी रॉसशी बोलत होते. आईने ते सगळं ऐकलं. पेटीबद्दल ऐकलं, तव्याला लागल्यासारखा हात उचलल्याचंही ऐकलं. मागच्या रांगेतली मुलं हसत होती, एकाने माझी नक्कल केली. आईने पर्स उचलली, माझं कोपर धरलं आणि आम्ही बाहेर आलो. उन्हात गाडी तापलेली होती. तिने किल्ली लावली. मग म्हणाली, “वाटेत अंडी घ्यायचीत.” त्यानंतर ती सतरा वर्षं जगली आणि त्या दुपारचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. तिला वाटलं असेल मी हे पैसे घेऊन केलं. कदाचित वाटलं नसेल. मला कधीच कळलं नाही, आणि आता कळणार नाही, आणि ही एक गोष्ट मी त्या माणसाला माफ करू शकत नाही. बाकीच्या गोष्टी तरी कुठे केल्या?

डेन्टनच्या त्या शापाबद्दल सांगते. तेव्हा कॅन्सस सिटीत एका गल्लीत ओळीने चित्रपटांच्या वखारी होत्या. सगळ्या आसपासच्या राज्यांतल्या थिएटरांना रिळं तिथून जात आणि खेळ संपला की तिथेच परत येत. परत आलेलं प्रत्येक रीळ एक बाई टेबलाशी बसून हाताने फिरवून तपासायची. हे काम बायकांचंच होतं. अंगठा आणि पहिलं बोट ह्यांत फिल्मची कड धरायची, फाटलेलं छिद्र बोटाला लागलं की थांबायचं, सांधायचं, पुढे जायचं. बघावं लागत नसे. त्र्याहत्तरच्या सुरुवातीला मी तिथे कामाला लागले. आई म्हणाली, “चांगलं बसून काम आहे.” मी कशासाठी तिथे गेले हे मी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी ‘जांभळी चेटकीण’ माझ्या टेबलावर आली. मी चौथं रीळ लावलं, फिरवलं, उलटं फिरवलं, परत लावलं. शेजारच्या टेबलाशी ओपल गुंथर बसायची, आमच्यात सगळ्यांत जुनी, तीस वर्षं ह्याच खुर्चीवर, कमरेला लोकरीची शाल.

“पोरी, ते रीळ तिसऱ्यांदा फिरवतेयस.”

“छिद्रं फाटलीयत.”

“कुठे बघू?” तिने हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी पन्नासएक फूट तपासलं. “अगं, एक छिद्र फाटलेलं नाही.” मग तिने फिल्मचा तुकडा दिव्यासमोर धरला. बराच वेळ बघितला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि वाट बघत राहिले, आता ती हसेल किंवा, त्याहून वाईट, गोंजारेल. ओपलने खण उघडून निकामी प्रतींचा फॉर्म काढला. “कारण काय लिहायचं? आकसलीय म्हणू. सही कुठे करू?”

निकामी प्रती मागच्या अंगणात करवतीने कापून फिल्ममधली चांदी काढणाऱ्याला देत. पहिली मी स्वतः कापली. मग बाकीच्यांच्या मागे लागले. सोपं नव्हतं, कारण डॅलसचा वितरक दर दोन वर्षांनी नाव बदलून तोच माल पुन्हा खपवायचा. विचिटातल्या एका थिएटरात एक आठवडा ‘काचेचं कुरण’. मग टेक्सास-ओक्लाहोमात ‘जांभळी चेटकीण’, भुताचा चित्रपट म्हणून. मग कॅरोलिनात ‘नग्न कुरण’, आणि त्यासाठी दुसऱ्याच एका मुलीचे अंघोळीचे तुकडे माझ्या नऊ मिनिटांत मधेमधे चिकटवलेले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं ते अंग माझंच. आणि पंचाहत्तरमध्ये, लोक थिएटरात ते वाक्य ओरडतात हे कळल्यावर, सरळ ‘दार उघड, रॉस’. भिंतीवर पोस्टर. मी बसमधून कामाला जाताना रोज माझ्या भावाचं नाव वाचत होते, खाली ‘फक्त प्रौढांसाठी’. मी मेम्फिसला, शार्लटला, मिनियापोलिसला फोन करायचे. तिथल्या वखारीतही टेबलाशी बायकाच असत. “बाई, तुमच्याकडची अमुक प्रत, रंग उडाल्याची तक्रार आलीय, इकडे पाठवता का?” पाठवायच्या. एकदा मेम्फिसच्या बाईने मी न मागता दोन जादा प्रती पाठवल्या, वर चिठ्ठी : ‘ह्याही आकसल्यात.’ ओपलने त्यांना काय सांगितलं होतं, सांगितलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. एकतीस प्रती. एकोणीस वर्षं. हा होता शाप : बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली एक बाई, डबा घेऊन बसने येणारी.

म्हणून त्या मंगळवारी दुकानाच्या दारात मी डेन्टन फ्रायला म्हणाले, “पन्नास वर्षं जुनी प्रत तुम्ही न तपासता यंत्राला लावणार? फाटून हातात येईल. मी बावीस वर्षं रिळं तपासली आहेत.” त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मला त्याची कीव आली नाही.

गुरुवारी दुपारी मी त्याच्या तळघरात गेले. स्वच्छ जागा, एका भिंतीला भट्ट्यांचे सुटे भाग, दुसरीला पोस्टरं, मी सगळीकडे. टेबल, दोन हँडलं, दिवा, पातं बसवलेली सांधायची पट्टी, सगळं त्याने जुन्या बाजारातून हौसेने जमवलेलं. आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत, पायावर शाल, पांढरी पोनी, हातात काठी : लायल प्रुएट. शनिवारच्या खेळासाठी ऍरिझोनाहून आणवला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. हँडलावरचा माझा हात गार पडला, पण तो फिरत राहिला. हाताला सवय होती. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हातारी बाई कामाला आली आहे असं बघितलं, आणि आपलं बोलणं पुढे चालू केलं. डेन्टन त्याच्या पायाशी स्टुलावर वही घेऊन बसला होता. पहिलं रीळ झालं. दुसरं झालं. प्रुएट गवताबद्दल बोलत होता, विश्वाबद्दल, त्या काळच्या निरागसतेबद्दल. तिसरं रीळ. चौथं लावलं तेव्हा डेन्टन म्हणाला, “सर, ते वाक्य कसं सुचलं?”

“लिहिलं मी. पहाटे उठून लिहिलं.”

“आणि रॉस कोण?”

“कोणी नाही रे. एका दमात किंचाळता येईल असं नाव हवं होतं. पोरीला शंभरदा म्हणून घेतलं, तेव्हा कुठे जमलं.”

मी हँडल थांबवलं. पन्नास वर्षं मी धरून चालले होते की ह्या माणसाने माझी एक गोष्ट चोरली आहे आणि ती चोरी आहे हे निदान त्याला माहीत आहे. त्याला माहीतच नव्हतं. किंवा माहीत होतं आणि इतकं खोटं बोलून झालं होतं की आता तिथे सपाट झालं होतं. माझ्या भावाला त्याने पहाटे उठून लिहिलं होतं.

“रॉस ऑस्टलंड,” मी म्हणाले. “जन्म लिंड्सबर्ग. मेला तेव्हा एकवीस वर्षांचा. माझा भाऊ. पेटी उघडू दिली नाही आम्हाला.”

डेन्टनला समजायला वेळ लागला. प्रुएटला लागला नाही. “अशा पाच-सहा येऊन गेल्या,” तो म्हणाला, “मीच ती म्हणत. पैसे हवे असतात, राणी?”

मी हँडल हळूच पुढे फिरवलं, ओळखीचा तुकडा येईपर्यंत, आणि फिल्म दिव्यावर धरली. “मिस्टर फ्राय, भिंग घ्या. डाव्या हाताची करंगळी बघा.” माझी करंगळी लहानपणी कापणीच्या यंत्रात सापडून वाकडी बसलेली आहे. डेन्टनने भिंगातून फिल्म बघितली. मग टेबलावर ठेवलेला माझा हात बघितला. पुन्हा फिल्म. त्याच्या मानेवर घाम आला होता. त्या दिवशी त्याने साधा निळा सदरा घातला होता, पण भिंतीवर मी चौदा ठिकाणी होते, आणि तो कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत राहिला.

“सर,” तो शेवटी म्हणाला, “सरबतात काय आहे ते त्यांना सांगितलं होतं?”

“सांगितलं असतं तर तसं आलं असतं का?” प्रुएट म्हणाला. चिडून म्हणाला, अडाण्याला समजावून सांगावं तसं. “ती अभिनेत्री नव्हती! खाणावळीतली पोर! तिच्याकडे दुसरं होतं काय?”

मी पात्याखाली फिल्म धरली आणि कापली.

प्रुएट उठायला गेला आणि काठी पडली. “डेन्टन! पोलिसांना बोलाव! तो माझा चित्रपट आहे!” डेन्टन माझ्यापाशी आला. मोठा माणूस, मनात आणलं असतं तर एका हाताने मला बाजूला केलं असतं. “बाई,” तो हळू म्हणाला, “इंटरनेटवरचा तो धुरकट तुकडा सोडला तर जगात ही एकच प्रत आहे. मला एकदा उतरवून घेऊ द्या. कुणाला दाखवणार नाही. शपथ. मी अकरा वर्षं शोधतोय हो.”

“मी पन्नास.”

“म्हणजे त्या बाकीच्या एकतीस…”

“हो.”

तो उभाच राहिला. मग त्याने फळीवरून एक रिकामं चाक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं, मला नऊ मिनिटं गुंडाळायला सोपं जावं म्हणून. प्रुएट ओरडत होता. “सर,” डेन्टन मागे न बघता म्हणाला, “तुम्ही कॉफी घ्या.” मी गुंडाळलं, दुसरी कड कापली, उरलेली दोन टोकं नीट सांधली, कारण वाईट सांधा मी आयुष्यात केला नाही, मग पाचवं आणि सहावं रीळ तपासून दिलं. काम अर्धं टाकून उठण्याची मला सवय नाही.

शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघरातल्या टबात गरम पाणी आणि कपड्यांचं ब्लीच ओतलं आणि फिल्म सोडली. काही मिनिटांत चित्रं सुटून पाण्यावर आली, जांभळी, पिवळी साय, तिच्यात गवत, झगा, तोंड काही ओळखू येत नव्हतं. वास नाकात गेला आणि मी खोकले, आणि खोकता खोकता ओरडायला लागले. प्रुएटला शिव्या दिल्या, त्या मुरमवाल्या अधिकाऱ्याला दिल्या. आईला दिल्या. हो, आईलाही, अंडी घ्यायचीत म्हणे! विचारायचं तरी होतंस. एकदा विचारायचं होतंस. वरच्या मजल्यावरच्या मिसेस पडिला खाली आल्या आणि दार ठोठावून म्हणाल्या, “नेड्रा, पडलीस का गं?” मी म्हणाले, “नाही, साफसफाई करतेय.” शेवटी हातात राहिली ती कोरी, पारदर्शक पट्टी, आठशे फूट. संध्याकाळी डेन्टनचा फोन आला. खेळ रद्द करता येत नव्हता, तिकिटं संपली होती. लोकांना काय सांगू, त्याने विचारलं. मी म्हणाले, “सगळं सांगा. नावानिशी सांगा. माझंही आणि त्याचंही.”

शनिवारी दोन वाजता थिएटर भरलेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले. प्रुएट पहिल्या रांगेत कडेला, जिथे काठी पसरायला जागा होती. डेन्टन पडद्यासमोर उभा राहिला आणि कागदावरून वाचलं. वाचताना दोनदा अडखळला. खाणावळ, सरबत, रॉस, पेटी. “चौथ्या रिळातली नऊ मिनिटं नाहीत,” तो म्हणाला. “ज्यांची होती त्यांनी परत नेली.” मागून कुणीतरी हुर्यो केली, कुणीतरी शीळ घातली. माझ्या शेजारची मुलगी तिच्या मित्राला म्हणाली, “बाकीचा तर आहे ना. तो कुणी पाहिलाय?” मीही सबंध पाहिला नव्हता. एकतीस प्रती बोटांखालून गेल्या, आणि टोपेकातल्या त्या दुपारनंतर एकदाही मी तो पडद्यावर पाहिला नव्हता. अंधार झाला तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

घोड्याचा मुखवटा घातलेला माणूस गवतातून चालला. बराच वेळ चालला. पडदा लाल झाला, निळा झाला. दोघेजण एका दगडाभोवती बसून काळाबद्दल बोलले. एकाला संवाद आठवत नव्हता आणि तो आठवेपर्यंत कॅमेरा त्याच्यावर चालू ठेवला होता. कुणाला तरी सतार मिळाली होती, वाजवता येत नव्हती. घोडा पुन्हा चालला. लांबून, पाठमोरी, पांढऱ्या झग्यातली मी चालले, आणि ती कुणीही असू शकली असती. ढग चांगले होते. दुसऱ्या रिळापर्यंत लोक शहाण्यासारखे गप्प होते, तिसऱ्यात खोकायला लागले, चौथ्यात माझ्या सांध्यावरून चित्र न उडता पुढे गेलं आणि सगळ्यांना कळलं की आता वाट बघण्यासारखं पुढे काही नाही. पहिली खुर्ची फटकन वर गेली. मग दोन. शेजारची मुलगी मित्राच्या कानात म्हणाली, “एवढंच?” आणि दोघं वाकून निघून गेली. खुर्च्या वाजत राहिल्या, आधी मागून, मग दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक आवाजाला पहिल्या रांगेतली ती पांढरी पोनी वळून बघत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग येत होता, आधीपेक्षा जास्त. हे? ह्या असल्या टुकार, आळशी, भिकार गोष्टीसाठी? ह्याच्यासाठी आई गप्प झाली, ह्याच्यासाठी मी बावीस वर्षं त्या टेबलाशी बसले, ह्याच्यासाठी पोलंडातली माणसं जीव टाकतात?

दिवे लागले तेव्हा आत सातजण होते, त्यांतला एक झोपलेला. डेन्टन मागच्या दाराशी भिंतीला टेकून उभा होता. मी बाहेर जाताना प्रुएटने काठी माझ्यापुढे आडवी धरली. त्याचे डोळे लाल होते; मला वाटतं तो खरंच रडला होता.

“तू माझा चित्रपट मारलास,” तो म्हणाला.

“मी हातसुद्धा लावला नाही त्याला,” मी म्हणाले. “माझं होतं तेवढं मी घेतलं. आज दाखवला तो तुझा.”

आणि त्याने काठी बाजूला घ्यायची वाट न बघता मी ती ओलांडून गेले.